इंदापूरचं पाणी

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी मेथी निवडत होते. मिलिंद हा माझ्या बालमैत्रिणीचा, सुजाताचा धाकटा भाऊ. लोणी देवकरला कारखान्यात सुपरवायझर आहे आणि लहानपणापासून मला ताराक्का म्हणतो. एरवी त्याचा फोन आला की पहिली पाच मिनिटं नुसती थट्टा चालते. त्या दिवशी तो "ताराक्का..." एवढंच म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, "बोल की, रेंज न्हाय का?" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "सुजाक्का गेली. झोपेतच गेली. सकाळी शेजारणीनं दार वाजवलं तर..." मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" म्हटलं मी, कुणी गॅसची गाडी आली म्हणून सांगावं तसं. फोन ठेवला, उरलेली जुडी निवडून संपवली, आणि मग लक्षात आलं की देठं पातेल्यात आणि पानं केरात टाकली आहेत. ती पानं केरातून वेचताना मला रडू फुटलं.

पेपरात बातमी आली ती चार ओळींची. 'सागरी प्रवाहांच्या अभ्यासक' असं तिच्या नावामागं लावलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं, पण लासुर्ण्याच्या पाटकऱ्याची सुजी त्यात कुठंच नव्हती. तिला जाऊन दीड महिना झाला. मी निवृत्त भूगोल शिक्षिका. लेखनाचा अनुभव म्हणाल तर तीस-बत्तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले, तेवढाच. तरी लिहायला बसले, कारण एक गोष्ट मला चारचौघांत कबूल करायची आहे. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड वेळी मी तिला चुकीचा सल्ला दिला, आणि त्याबद्दल तिची माफी मागायची राहून गेली.

आम्ही दोघी लासुर्ण्याच्या. आमचं घर मेंढरांचं. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांनी शेवटची मेंढरं विकून शेती धरली होती, पण त्यांच्या अंगातून मेंढरं काही गेली नाहीत. अंगणात उभे राहून ते वारा हुंगायचे आणि सांगायचे, "इंदापूरचा वारा हाय." इंदापूरचा वारा म्हणजे इंदापूरकडून आलेला. मेंढरं राखणाऱ्याला वारा कुठून येतोय हेच कळायला हवं; वास, पाऊस, लांडगा, जे काही यायचं ते तिकडूनच येणार. सुजाताचं घर होतं पाण्याचं. तिच्या आजोबांनी धम्माची दीक्षा घेतलेली, आणि वडील, तात्या, नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी. कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं, कुठलं दार कधी बंद करायचं, हे बघणारा माणूस म्हणजे पाटकरी. खाकी सदरा, सायकल, दांड्याला अडकवलेली किल्ल्यांची जुडी, आणि पाठीमागं कॅरियरला दोरीनं बांधलेली नोंदवही. गावात त्यांना वचकूनही असत आणि चहालाही बोलवत. सगळ्यांच्या घरात बोलवत असं मात्र नव्हे.

कालव्याच्या पुलावर सरकारी पट्टी रंगवलेली होती. ती वाचली की तात्यांचं काम भागत होतं. पण त्यांचं तेवढ्यावर समाधान होत नसे. ते कडब्याचं एक कांडं पुलावरून पाण्यात टाकायचे आणि काठानं त्याच्या बरोबरीनं चालायचे, पावलं मोजत. "पट्टी पाण्याची उंची सांगती, कांडं चाल सांगतं," म्हणायचे. आम्ही दोघी पळायचो त्यांच्या मागं. मी कांड्यावर नजर ठेवायची आणि सुजीनं आकडे मोजायचे, कारण मी मोजायला लागले की पंधरानंतर एकदम अठरा यायचे. एकदा मी विचारलं, "तात्या, आज कुणाचं पाणी?" ते म्हणाले, "इंदापूरचं." मी तर आबांची नात. मी म्हटलं, "इंदापूर तर खालच्या अंगाला हाय. तितनं पाणी उलटं वर कसं यील?" तात्या सायकल धरून हसले. म्हणाले, "आगं, समदं पाणी धरणातनंच येतंय. कुठनं आलं ह्ये काय इचारायचं? कुठं चाललंय ते इचार. इंदापूरला चाललंय म्हणून इंदापूरचं." त्या काळी गावात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असायचा, कुणाची गं तू? मी सांगितलं तर पुढचं बोलणं सुरू व्हायचं, सुजीनं सांगितलं तर बऱ्याचदा तिथंच संपायचं. तात्या ते वाक्य एवढ्या जिव्हाळ्यानं का म्हणायचे, हे मला फार उशिरा समजलं.

सुजीचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून सहावी-सातवीत असल्यापासून तात्या सांगायचे आणि वही ती लिहायची. एकदा एक आकडा चुकला. तिनं दप्तरातलं खोडरबर काढलं आणि घासायला लागली. तात्यांनी ते खोडरबर तिच्या हातातून घेतलं आणि सरळ कालव्यात टाकलं. नवं कोरं, सुवासिक खोडरबर होतं. आम्ही दोघी तोंडाचा आ करून बघत राहिलो. "खोडायचं तर एक रेघ मारायची," तात्या म्हणाले. "खालचं दिसलं पायजे. चुकलो, ही बी नोंदच हाय." सुजी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, ते खोडरबरासाठी. पण त्यानंतर तिच्या कुठल्याही वहीत मी पुसलेलं कधी पाहिलं नाही. एक सरळ रेघ, आणि खाली चूक जशीच्या तशी.

आठवीत आमची सहल नरसिंहपूरला गेली. तिथं नीरा आणि भीमा एकमेकींना मिळतात. आम्ही सगळ्याजणी देवळात गेलो, सुजी घाटावर बसून राहिली. तिच्या घरी देव नव्हते आणि तिनं त्याचा कधी बाऊही केला नाही. मी नारळ-बिरळ फोडून परत आले तर ही बया पायरीवर ओणवी होऊन मुठी मुठीनं चुरमुरे पाण्यात टाकत होती. माझ्या वाटणीचेसुद्धा. मी ओरडले तर म्हणाली, "थांब गं, बघ. दोन्ही पाणी लगीच मिसळत न्हाईत. ह्या अंगाचे चुरमुरे बघ, त्या अंगाचे बघ... किती येळ शेजारी शेजारी चालल्यात." मी बघितलं. मला नदीत वाया गेलेले चुरमुरे दिसले. मी दिवसभर फुगून बसले आणि परतीच्या एसटीत तिनं मला तिची शेंगदाण्याची पोळी दिली.

पुढं ती बारामतीला, मग पुण्याला शिकली, आणि संशोधन करायला समुद्रकिनाऱ्यावर गेली ती तिथलीच झाली. लग्न केलं नाही. मी डी.एड. केलं, मग बाहेरून बी.ए., बी.एड., आणि आमच्याच शाळेत भूगोल शिकवायला लागले; राहायला बारामतीला, शाळेला रोज एसटीनं. मी तिला चिडवायचे, आपलं नीरा-भीमेचं पाणी जातं पूर्वेच्या समुद्राला आणि तू जाऊन बसलीस पश्चिमेच्या. ती सुट्टीला यायची ती सुकटीचा पुडा आणि नवी नवी माहिती घेऊन. एकदा भाकरीच्या परातीत पीठ पसरून तिनं बोटानं रेघा ओढल्या, चौकोन केले आणि म्हणाली, "हे वाफे. आख्ख्या समुद्राचे असे वाफे करायचे, वर वर आणि खाली खोलातबी. ह्या वाफ्यातनं त्या वाफ्यात पाणी किती गेलं, गरम किती, खारट किती, वरनं वारा किती, ह्याचं गणित संगणकात घालायचं. मग तो पुढच्या महिन्यात काय हुईल, पुढच्या साली काय हुईल, ते सांगतो. त्याला मॉडेल म्हणतात." मी म्हटलं, "मग समदं तोच करतो तर तू काय करतीस?" म्हणाली, "खरा समुद्र त्याचं ऐकतो का, ते बघते." त्यासाठी ती बोटीवरून जायची. तळाला वजन लावून दोराला यंत्र बांधलेलं असे. ते पाण्यात आवाज सोडायचं आणि परत येणाऱ्या आवाजावरून पाण्याची चाल ओळखायचं. मी म्हटलं, म्हणजे तात्यांचं कांडं. ती म्हणाली, "तेच. फक्त लय म्हाग."

तिचा सगळ्यात आवडता प्रश्न होता तो पाण्याच्या वळण्याचा. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी पावसाळ्यात दक्षिणेकडं वाहतं आणि हिवाळ्यात फिरून उत्तरेकडं वाहायला लागतं. ते नेमकं कधी फिरतं आणि समुद्र तापतोय तसं ते फिरणं बदलतंय का, हे तिला हवं होतं. त्यावर पाऊस अवलंबून, मासे अवलंबून. पण यंत्रांची मापं अलीकडची, तीही किनाऱ्यापासून लांबच्या पाण्यातली. बदल झाला म्हणायचं तर जुनं माप कुठून आणणार? ते तिला सापडलं कोकणातल्या एका लहान बंदरात, एका म्हाताऱ्या तांडेलाच्या पेटीत. मच्छीमार होडीचा हा प्रमुख वर्षानुवर्षं वह्या ठेवत आला होता. तो रोज लिहीत नसे. पाणी वळायच्या दिवसांत जाळं कुठल्या अंगाला टाकावं हे ठरेना, तेवढेच आठवडे तो लिही: अमुक तिथी, उत्तरेचं पाणी. तमुक तिथी, दक्षिणेचं पाणी. सुजातानं त्या वह्या एक एक पान करून उतरवल्या. मराठीतच होत्या, त्यामुळं कुणाला अर्थ विचारायची गरज तिला वाटली नाही. दुसऱ्या कुठल्या भाषेत असत्या तर तिनं दहादा विचारलं असतं.

त्या वह्यांतून तिला दिसलं की पाणी एकदाच वळत नाही. आधी लवकरच उत्तरेकडं वळतं, मग पुन्हा मागं फिरून दक्षिणेकडं जातं, आणि नंतर हिवाळाभरासाठी उत्तरेकडं वळतं. संगणकातल्या मॉडेलला हे दिसत नव्हतं. ते आपलं एकच वळण दाखवायचं. तिनं लेख लिहिला, की मॉडेल चुकतंय, खरा समुद्र दोनदा वळतो. त्या लेखानं तिचं नाव झालं. परदेशातून बोलावणी आली. आमच्या शाळेनं तिचा सत्कार केला, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर फोटो लावला आणि फोटोखालची पाटी मी स्वतः लिहिली, पिवळ्या ऑइलपेंटनं: 'समुद्राचे पाणी दोनदा वळते हे शोधून काढणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थिनी.' माई, म्हणजे तिची आई, पाटी वाचता येत नसतानाही तिच्यावरून हात फिरवून गेली. तात्या तेवढ्यासाठी हवे होते असं सगळ्यांना वाटलं. सुजाताच्या हाताखाली तेव्हा रेश्मा नावाची एक तरुण संशोधक काम करत होती, मॉडेलवाली. ती एकटीच म्हणत राहिली की मॅडम, गणितात हे दुसरं वळण बसतच नाही. सुजातानं तिला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "खुर्चीत बसून समुद्र कळत नाही." हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना ती जराशी अभिमानानं हसलीसुद्धा.

मग तो दिवस आला. माघात ती चार दिवसांसाठी लासुर्ण्याला आली होती. आम्ही दुपारी कालव्याच्या पुलावर पाय सोडून बसलो होतो, मधे ओल्या हरभऱ्याची पेंढी, आणि दोघी घाटे सोलून खात होतो. कालवा भरून चालला होता. आताचे पाटकरी मोटारसायकलवरून फिरतात. एक जण आला, त्याला मी सवयीनं हाळी दिली, "कुणाचं पाणी हो?" तो म्हणाला, "इंदापूरचं, बाई!" आणि निघून गेला. मला आमचं लहानपण आठवलं. मी सुजीला म्हटलं, "तुमा पाण्यावाल्यांचं समदं उलटं बाई. आमचे आबा इंदापूरचा वारा म्हणायचे, तो इंदापूरनं यायचा. तुमचं इंदापूरचं पाणी इंदापूरला जातंय. परक्या माणसानं काय समजायचं?" ती हसली. खूप हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. तिच्या हातात अर्धा सोललेला घाटा तसाच राहिला.

"तारे," ती म्हणाली, "परत म्हण."

"काय म्हणू?"

"उत्तरेचं पाणी... म्हंजी कुठलं?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी उत्तरेला चाललेलं. आमच्या आबाला इचारशील तर उत्तरेकडनं आलेलं." मी पोरांना दर वर्षी हेच शिकवत आले होते की वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचं नाव आणि सागरी प्रवाहाला तो जिकडं जातो त्या दिशेचं. परीक्षेत हमखास दोन मार्कांना येणारा प्रश्न. पुस्तकही तिच्याच बाजूचं आणि कालवाही तिच्याच बाजूचा. पण तांडेल ना पुस्तकातला होता ना कालव्यावरचा. शिडाच्या होडीवर वाढलेला माणूस. त्याच्या तोंडी पाणीही वाऱ्यासारखंच येत असेल तर? दोन दिवसांनी ती थेट त्या बंदराला गेली. तांडेल अंथरुणाला खिळला होता, पण शुद्धीवर होता. तिनं विचारलं, उत्तरेचं पाणी म्हणजे कुठलं. त्यानं तिच्याकडं लहान पोरीकडं बघावं तसं बघितलं आणि सांगितलं, उत्तरेकडून येतं ते. आणखी कुठलं?

सगळ्या नोंदी उलट्या वाचल्या गेल्या होत्या. पाणी अजून दक्षिणेकडं जात होतं ते दिवस तिनं उत्तरेकडं वळल्याचे धरले होते, आणि वळल्यानंतरचे दिवस माघारीचे. दोनदा वळणारा समुद्र तांडेलाच्या वह्यांत नव्हताच. तो आमच्या कालव्याच्या बोलीतून आला होता.

बंदरावरून ती तशीच माझ्याकडं बारामतीला आली. बसून सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "लेख मागं घ्यायला लागंल." त्या वर्षी तिचं नाव संस्थेतल्या सगळ्यात वरच्या पदासाठी चर्चेत होतं. मी घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाला जे शहाणपण सुचतं ते मला सुचलं. मी म्हटलं, "गप बस. त्या वह्या दुसरं कोण वाचतंय? तांडेल आज हाय उद्या न्हाय. वरसभर थांब, पद मिळू दे, मग हळूच काय ती दुरुस्ती कर." मी थांबायला हवं होतं. पण मी पुढं बोलले, "दुसऱ्या कुणाची चूक झाली तर चूक म्हणत्याल. तुझी झाली तर काय म्हणत्याल, ते मी तुला सांगू? टपलेलेच असत्यात..." मला अजून वाटतं की त्या वाक्यात माया होती. मायाच होती. पण ती ज्या शब्दांत बाहेर आली, ते शब्द तिनं जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकले होते, आणि आता ते माझ्या तोंडून आले.

ती उठली. चप्पल घालताना म्हणाली, "म्हंजी मी कुठनं आले ते बघून मी खोटं बोलू? तारे, तूबी वाऱ्यावालीच निघालीस." चहा तसाच राहिला. मी जिन्यापर्यंत गेले, हाक मारली नाही. हाक मारली असती तर थांबली असती का, कोण जाणे.

तिनं लेख मागं घेतला. पद दुसऱ्याला मिळालं. मला हे मिलिंदकडून कळलं. सव्वा-दीड वर्ष आम्ही एकमेकींशी बोललो नाही, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. मग एक दिवस तिचाच फोन आला. काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं गं?" मी प्रमाण सांगितलं. दोघींनाही ठाऊक होतं की ते तिला माईनं सांगितलं असतं. त्यानंतर पुन्हा येणं-जाणं सुरू झालं, सुकटीचे पुडे सुरू झाले, पण त्या विषयाला आम्ही दोघींनीही हात लावला नाही. गेल्या खेपेला, म्हणजे शेवटच्या, ती माझ्या घरी वर्तमानपत्र चाळता चाळता म्हणाली, "शाळेतला माझा फोटो हाय का अजून?"

"हाय की."

"राहू दे. खालची पाटी तेवढी दुरुस्त कर. तूच लिवलीस ना?"

मी "करते" म्हटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. सुजे, माझं चुकलं, एवढे तीन शब्द. जिभेवर आले होते. मी विचारलं, "भाकरी बाजरीची करू का ज्वारीची?" ती म्हणाली, "ज्वारीची." पाटीचंही मी काही केलं नाही. ऑइलपेंटचा डबा आणायचा राहिला, मग शाळेला सुट्ट्या लागल्या... कारणं काय, शंभर असतात.

लासुर्ण्याला तिचा जलदानविधी झाला त्या दिवशी मिलिंदच्या अंगणात मांडव होता. एक चाळिशीची बाई मला शोधत आली. "तुम्ही ताराबाई ना? मी रेश्मा." मी सरकून जागा केली. ती माझ्याजवळ सतरंजीवर बसली आणि त्या दिवसाचं सांगायला लागली. सुजातानं लेख मागं घेतला तो नुसता पत्र पाठवून नव्हे. संस्थेत सगळ्यांना बोलावलं, फळ्यावर कालवा काढला, पूल काढला, खाली इंदापूर लिहिलं. माझे वडील पाटकरी होते, म्हणाली. आमच्याकडं इंदापूरचं पाणी कशाला म्हणतात ते सांगितलं, आणि त्यामुळं आपण कसे फसलो तेही. मग रेश्माकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाली, "खुर्चीत बसूनही हिला समुद्र कळला होता. मला बोटीवर जाऊन कळला नाही." रेश्मा म्हणाली, "नोंदी सरळ केल्यावर वह्या आणि मॉडेल पहिल्यांदाच एकमेकांशी जुळायला लागली. वळण एकच आहे, पण ते हळूहळू सरकतंय. पुढचं आमचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे." तिनं पिशवीतून सुजातानं उतरवलेल्या वह्यांची झेरॉक्स काढली. पान उलटलं. प्रत्येक नोंदीवर एक सरळ रेघ, खालचं स्वच्छ वाचता येणारं, आणि शेजारी पाण्याची खरी दिशा दाखवणारा बारीकसा बाण. पानामागून पान तसंच. तेच मोत्यासारखं अक्षर.

मग तिनं छापलेला दुरुस्तीचा कागद दाखवला. इंग्रजीत होता. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिनं मला मराठीत सांगितलं: ही चूक माझ्या लक्षात आणून दिल्याबद्दल माझी मैत्रीण तारा, भूगोल शिक्षिका, हिची मी ऋणी आहे. मी तिथून उठून गोठ्याकडं गेले. तिनं हे छापलं तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. मी तिला ती चूक लपवायला सांगितली होती, आणि तिनं जगासमोर मला चूक दाखवणारी करून ठेवलं होतं. तिनं उपरोधानं लिहिलं असेल का, असंही क्षणभर मनात आलं. पण सुजाता नोंदीत उपरोध करणारी नव्हती. पुलावर मी जे बोलले ते तिनं लिहिलं, आणि माझ्या घरी जे झालं ते घरातलं म्हणून घरातच ठेवलं.

भन्तेजी आले. ताटात वाटी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या. गाथा सुरू झाल्या की घरच्या माणसांनी मिळून वाटीत पाण्याची धार धरायची, वाटी भरून ताटात वाहीपर्यंत. मिलिंद, त्याची बायको, मुली, सगळ्यांनी एकमेकांच्या हाताला हात लावला. मी मागं उभी होते. माईला आता नीट दिसत नाही, पण तिनं विचारलं, "तारी कुठं हाय?" मी पुढं झाले. म्हणाली, "लांब का? हात लाव की. सुजीचं पाणी हाय." मी तांब्याला हात लावला. सुजीचं पाणी. माई पाटकऱ्याची बायको. तिच्या तोंडी त्याचा अर्थ एकच होता, सुजीकडं चाललेलं. धार वाटीत पडत राहिली, वाटी भरली, ताटात पाणी उतरलं, आणि मला एवढंच वाटत राहिलं की हे जिकडं चाललंय तिकडं माझे ते तीन शब्दही जाऊ देत. नंतर ते पाणी मिलिंदनं दारातल्या जांभळीच्या मुळाशी घातलं.

छापलेल्या कागदावरची ती ओळ मला आता बदलता येणार नाही. म्हणून तिच्यावर मी इथं रेघ मारते आहे: तारा नावाच्या मैत्रिणीनं ती चूक दाखवली खरी, पण चुकून, थट्टेत. आणि कळल्यावर ती लपव म्हणून सांगितलं. खालचं दिसलं पाहिजे.

परवा शाळेत गेले. जाताना पिवळ्या ऑइलपेंटची लहान डबी आणि बारीक ब्रश घेतला. स्टुलावर चढले. 'समुद्राचे पाणी दोनदा वळते हे शोधून काढणाऱ्या' यावर एक सरळ रेघ ओढली. सुजीइतकी सरळ काही आली नाही. खाली जागा होती तिथं लिहिलं, 'आपली चूक स्वतः सांगणाऱ्या.' नव्या मुख्याध्यापिका बाहेर येऊन बघत होत्या. त्या माझ्याच विद्यार्थिनी. म्हणाल्या, "बाई, त्यापरीस नवी पाटीच करू की. ही खोडलेली बरी दिसंल का?"

मी म्हटलं, "दिसू दे. तिच्या वहीतबी आसंच असायचं."